मॅडमचं सोनं, माजा गाल

माज्या उजव्या गालाला आतून माज्याच छातीचं कातडं शिवलेलं हाय. छातीवर केस होते, ते कातड्याबरोबर गालात गेले, आणि तिथे अजून उगवतात. गावातल्या न्हाव्याला मी बोललो, बाहेरची दाढी झाली, आता आतली पण कर. त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि पाणी प्यायला गेला तो बराच वेळ आला नाय.

हा गाल माज्या तोंडावर रायला तो वैजयंती मॅडममुळे. आणि गंमत बगा. या बाईंनी अख्खा जन्म एकाच कामाला लावलेला, की कॅन्सरवर सुरी चालवायलाच लागू नये. सोनं आणि उजेड, दोघांत काम भागावं. आणि मला मात्र त्यांनीच हाताला धरून सुरीखाली नेऊन झोपवलं.

मॅडम सोलापूरकडच्या. पालघरच्या एका कॉलेजात मागच्या बाजूला त्यांची खोली होती, तिला सगळे लॅब बोलायचे. तिथे मी बाटल्या धुवायला लागलो. त्याच्या आदी बोईसरला एका केमिकल कंपनीत ड्रम धुवायचो. ड्रम धुताना मी एवढा बोलायचो की सुपरवायझर वैतागला, बोलला, तू ड्रमच्या आत जाऊन बोल. मी आत जाऊन बोललो तर आवाज दुप्पट झाला. तिथलं काम गेलं.

शाळेचं म्हणाल तर मी शाळेत गेलो तो आमची म्हैस आवारात शिरली होती तिला हाकलायला. म्हैस जास्त वेळ थांबली.

तर मॅडमनी मला समोर उभं करून विचारलं, काय येतं तुम्हाला? मी बोललो, धुवायला येतं आणि बोलायला येतं. त्या बोलल्या, "पहिल्यावर घेते. दुसरं घरी ठेवून या."

दुसरं काय घरी रायलं नाय.

बाई दिसायला साधी. उंचीनं कमी, केसांचा आंबाडा, त्यात पेन खोचलेलं. उन्हाची छत्री बारा महिने काखेत. आणि कपाळावर हिरवा चष्मा. हा चष्मा लेझरचा. त्यांच्या मशीनमधून जो उजेड निघायचा तो डोळ्याला दिसत नाय, पण डोळा जाळून टाकतो, म्हणून तो चष्मा. काम झालं की मॅडम तो कपाळावर सरकवायच्या आणि विसरायच्या. तसाच घेऊन बाजारात जायच्या. पालघरच्या भाजीवाल्या बायका त्यांना मोतीबिंदूवाली मॅडम बोलायच्या, आणि ऑपरेशन झालंय बिचारीचं म्हणून मेथीची जुडी जरा मोठी द्यायच्या. मॅडमना वाटायचं पालघरचे लोक फार चांगले.

न दिसणारा उजेड कसा असतो, ते मला पटत नव्हतं. दिसत नाय तर तो उजेड कसला, अंधारच की. मॅडमनी ऑफिसातला टीव्हीचा रिमोट आणला, माज्या मोबाईलचा कॅमेरा चालू केला आणि बोलल्या, रिमोटच्या टोकाकडे बघा, आधी डोळ्यांनी, मग मोबाईलमध्ये. डोळ्यांना काय नाय. मोबाईलमध्ये बटण दाबलं की टोकाला जांभळट ठिपका पेटतो. मी दुपारभर सगळ्या कॉलेजला ते दाखवत फिरलो. ऑफिसातला टीव्ही त्या दिवशी कोणाला लावता आला नाय, रिमोट माज्याकडे.

त्यांचं काम मला त्यांनी असं सांगितलेलं. उन्हात पांढरा शर्ट कमी तापतो, काळा जास्त तापतो. तसं सोन्याचे एवढे बारीक कण करायचे की डोळ्याला दिसायचे नायत, ते गाठीत सोडायचे, आणि वरून तो न दिसणारा उजेड टाकायचा. तो उजेड मासातून आत जातो. मास जास्त तापत नाय, सोनं तापतं, आणि सोन्याबरोबर गाठ भाजून निघते. आजूबाजूचं अंग शाबूत. मी बोललो, म्हंजे डांबर लावलेली होडी उन्हात चटका देते आणि बाजूचं कोरं लाकूड देत नाय, तसं. मॅडम बोलल्या, "हरिभाऊ, हे मी पोरांना सांगणार आहे." त्यांनी खरंच सांगितलं. पोरं आतल्या गावांकडची, त्यातल्या निम्म्यांनी होडीच बघितली नव्हती, मंग मला बोलावून होडी समजावून सांगायला लावली. आयुष्यात मी एकदाच वर्गात शिकवलं, ते डांबर.

रोज सकाळी चंबूत सोन्याचं पाणी उकळायचं. आदी पिवळट, मंग पाण्यासारखं, मंग काळपट, आणि मंग हळूहळू लाल चढायला लागायची. सोनं बारीक केलं की पिवळं रायत नाय, लाल होतं, हे सोनाराला सांगितलं तर तो हाकलून देईल. मॅडम तो चंबू खिडकीशी धरायच्या. डोळे बारीक करून बगायच्या. कोकम सरबतासारखा स्वच्छ लाल असला की एकच शब्द बोलायच्या, "ठेवा." जांभळा, निळा, गढूळ असला की दुसरा शब्द, "ओता." हे लाल म्हंजे नुसता पाया, पुढे त्यावर बरेच सोपस्कार व्हायचे, तेवा ते सोनं तो न दिसणारा उजेड प्यायला लागायचं. पण पायाच चुकला तर पुढे काय नाय. कितीतरी सकाळी मी तो एकच शब्द ऐकला, ओता. मॅडमचं तोंड वाकडं झालेलं मी बगितलं नाय. परत चंबू धुवायला द्यायच्या, परत पाणी चढवायच्या.

विचारलं तर बोलायच्या, "रंग खोटं बोलत नाही, हरिभाऊ. माणूस बोलतो."

या लाल पाण्याचा वैरी एकच. मीठ. चिमूटभर मीठ पडलं की लाल पाणी तिथल्या तिथे निळं. आणि मी माकुणसारचा, समुद्राची हवा खाऊन वाढलेला, डब्यात रोज सुकट नायतर सुके बोंबील. मॅडम मला चालतं-फिरतं मिठागर बोलायच्या. त्या स्वतः मच्छी खात नसत, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हे त्यांचं जेवण. पण मला कधी दुसरीकडे जाऊन जेव बोलल्या नायत. बाहेर व्हरांड्यात दोघांची बाकडी, माजा डबा वाऱ्याच्या खालच्या बाजूला, त्यांचा वरच्या. जेवून झालं की माजे हात त्या स्वतः बगायच्या, लहान पोराचे बगतात तसे, आणि मंगच आत सोडायच्या.

एकदा त्यांनी मला कोंबडीचं छातीचं मास आणायला सांगितलं. मी खूश. मला वाटलं बाईंचं मन बदललं, पालघरची हवा लागली. आपण कोणाला सांगायचं नाय. मंग कळलं, खायला नाय. त्या मासात सोनं टोचून वरून उजेड टाकायचा आणि किती तापतं ते बगायचं. खरे उंदीर मुंबईला मोठ्या संस्थेत होते, आमच्याकडे कोंबडीवर भागवायचं. सकाळी दुकान उगडत नाय म्हणून मी आदल्या संध्याकाळी मास घेतलं, घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी पिशवी उचलली आणि निघालो.

मॅडमनी सुईनं सोन्याचं पाणी टोचलं, आणि बगता बगता ते निळं-काळं पडायला लागलं. दुसऱ्या जागी टोचलं, तेच. मॅडमनी मासाचा वास घेतला. शाकाहारी बाई, पण वास घेतला. मंग माज्याकडे वळून शांतपणे विचारलं, "हरिभाऊ, ह्याला हळद-मीठ कोणी लावलं?"

आमच्या सुमननं लावलेलं. सुमन म्हंजे माजी बायको. घरात कोंबडी आली की आदी हळद-मीठ, मंग बाकीचं जग. तिला काय माहीत, ही कोंबडी नोकरीला लागलेली हाय. मी सांगितलं तसं मॅडम खुर्चीत बसल्या आणि एवढ्या हसल्या की चष्मा कपाळावरून नाकावर आला. दुसऱ्या वेळी मी सुमनला बजावलं, काय लावायचं नाय. तिनं तसंच दिलं, पण धुसफुसत. बोलली, अळणी मास कोण देतो बाहेरच्या माणसाला, नाव आपलं जातं.

एकदा पेपरवाला आला. त्याला मथळा पायजे होता, पालघरच्या मॅडम कॅन्सर बरा करणार. मॅडम बोलल्या, उंदीर बरा होतो. तो पण नेहमी नाही. त्यानं विचारलं, पण लवकरच ना? त्या बोलल्या, लवकर हा शब्द माझ्याकडे नाही. त्याचा चहा थंड झाला. मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो आणि वाटेत त्याला सगळं सांगितलं, मला जसं पायजे होतं तसं. बातमी आली ती शेवटच्या पानावर, खाली, डहाणूच्या चिकूच्या बातमीच्या बाजूला, आणि त्यात माजं एक वाक्य नव्हतं. पण ती मी गावात स्वतःच्या तोंडानं पुरी केली. आमी कॅन्सर भाजतो, असं सांगायचो. आमी. केळव्यापासून सफाळ्यापर्यंत लोक मला मस दाखवायला लागले, चामखीळ दाखवायला लागले. एका म्हातारीनं पायाचं कुरूप पुढे केलं. मी बोललो, आजी, सोनं महाग हाय, याला ब्लेड चालेल.

आता गाल.

ड्रम धुवायच्या दिवसांपासून माज्या उजव्या गालात तंबाखूचा बार असायचा. मॅडम रोज सकाळी चंबू बगायच्या आदी माज्या गालाकडे बगायच्या. गालातलं काढा. मी बोलायचो, मॅडम, गाल रिकामा रायला तर मी अजून बोलीन, त्रास तुमालाच. त्या मान हलवायच्या आणि कामाला लागायच्या.

मंग त्याच जागी एक पांढरा चट्टा आला. नंतर त्याला कड आली, कडक. तिखट लागायला लागलं. मंग तोंड पूर्ण उगडेना. बोईसरला ड्रमच्या दिवसांपासूनच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं बोट घालून बगितलं, बोट बाहेर काढलं, आणि एरवी माज्याशी मस्करी करणारा माणूस एकदम अहो-जाहो करायला लागला. बोलला, मुंबईला जा, तुकडा काढून तपासतील, आणि लवकर जा. मी मान डोलावली. बाहेर आलो, चहा प्यायलो, घरी आलो. माज्या डोक्यात एकच. मुंबईला कशाला, आपल्याकडे सोनं हाय की.

मॅडमना सांगितलं नाय. कारण मला माहीत होतं, विचारलं तर त्या नाय बोलतील. न विचारलेल्या गोष्टीला कोण नाय बोलणार?

मॅडम "ओता" बोलल्या की ते पाणी एका वेगळ्या डब्यात ओतायचं असायचं. मी ओतायचो, फक्त थोडी जागा बदलली. थोडं पाणी छोट्या बाटलीत घरी न्यायचो. संध्याकाळी त्याची चूळ भरून गालात धरायची, आणि सुमननं बाहेरून गालाला मोबाईलची टॉर्च लावून उभं राहायचं. न दिसणारा उजेड काय आपल्याकडे नव्हता, पण मी बोललो, दिसणारा तर हाय, काहीतरी तर करेल. सुमन विचारायची, गाल गरम लागतो का? मी तोंडात पाणी, बोलता येईना, बोटानं दाखवायचो, मोबाईल गरम लागतोय. तिचा हात दुखला की ती हात बदलायची, पण टॉर्च हलू द्यायची नाय. एवढा विश्वास तिनं लग्नानंतर माज्यावर पयल्यांदा ठेवला, आणि तो पण या कामात.

असे बरेच दिवस गेले. एक दिवस दुपारी जेवताना मॅडमनी बगितलं, मी सुकट बाजूला सारून दुधात पाव बुडवून खातोय. मंग मी कसल्यातरी गोष्टीवर हसलो, आणि त्यांचा घास हातात रायला.

"हरिभाऊ, थंडीच्या दिवसांत जांभळं कुठं मिळाली तुम्हाला?"

माजी जीभ, माजे दात, जांभळे. सोन्याच्या पाण्याचा डाग. मीठ असलेल्या तोंडात गेल्यावर ते पण निळं-जांभळं पडणार की, एवढं मला कळायला पायजे होतं. मीच तो मिठागर.

रंग खोटं बोलत नाय. मी बोलणार होतो. तोंड उगडलं तर त्यांनी माजा मोबाईल घेतला, तोच, टॉर्च लावली आणि आत बगितलं. तोंड किती उगडतं, बगायला दोन बोटं धरली. दोनच बसली. टॉर्च बंद केली आणि मोबाईल माज्या हातात ठेवला.

मी बोललो, मॅडम, काळजी नको, आपलं सोनं हाय. पाण्यात थोडा दोष असेल, तुमी चांगलं लाल द्या आणि तुमच्या मशीनचा उजेड टाका. उंदराला टाकता, मला टाका. मला उंदीर समजा.

मॅडम बोलल्या, "उंदराला मी विचारत नाही, हरिभाऊ. तुम्हाला विचारावं लागेल. आणि विचारायला मला तोंड नाही, कारण ते काम करतं का हेच मला अजून माहीत नाही."

मंग बोलल्या, उद्या सकाळी मुंबईला जायचं, मी येते. मी हो बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केळव्याला किनाऱ्यावर जाऊन बसलो. मुंबईचे पिकनिकवाले आलेले, एक घोडागाडीवाला माज्या ओळखीचा, त्याच्या मागच्या सीटवर पडून रायलो. मला वाटलं, आज चुकवलं की मॅडम विसरतील. ज्या बाईला कपाळावरचा चष्मा लक्षात रायत नाय, तिला माजा गाल काय लक्षात राहणार.

संध्याकाळी घरी आलो तर दारात छत्री.

मॅडम आत चुलीजवळ पाटावर बसलेल्या. चष्मा कपाळावर. वर दोरीवर बोंबील टांगलेले, त्यांच्या डोक्यापासून वीतभर वर. पुढ्यात तांदळाची भाकरी आणि वांग्याची भाजी, सुमननं खास बिनमच्छीचं केलेलं. त्या कधी आल्या होत्या देव जाणे. मी दारातच थांबलो. मला बगून दोघींनी बोलणं काय थांबवलं नाय.

मॅडम सुमनला विचारत होत्या, ह्यांनी माझ्याबद्दल तुम्हाला काय सांगितलंय?

सुमन बोलली, "तुमी उजेडानं कॅन्सर भाजता."

"नाही भाजत," मॅडम बोलल्या. "अजून नाही भाजत. भाजायचा प्रयत्न करते. खूपदा चुकते. तुम्ही धरलेल्या टॉर्चनं काही होणार नव्हतं, आणि माझ्या मशीननंसुद्धा आज ह्यांचं भलं होईल असं मी सांगू शकत नाही."

सुमनचा हात भाकरीवर थांबला. तिनं एवढे दिवस मोबाईल धरलेला तो हात. मी खाली बगितलं.

सुमन बोलली, "मंग मॅडम, कशाला करता हे सगळं? रोज?"

मॅडमनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मंग बोलल्या, "तुमच्या नातवाला कधी लागलं तर असावं, म्हणून."

सुमननं माज्याकडे बगितलं. बोलली, आमचा पोरगा अजून बिनलग्नाचा हाय. नातू बगायचा तर आजोबा शिल्लक पायजे ना.

मी दारातूनच शेवटचा डाव टाकला. बोललो, मॅडम, मी तुमच्यावर देवापेक्षा जास्त विश्वास ठेवतो. तुमचं सोनं तयार होईपर्यंत मी थांबतो. कितीपण थांबतो.

त्या पाटावरून उठल्या. जवळ आल्या. त्यांची उंची माज्या छातीएवढी, मान वर करून बोलल्या.

"माझ्यावर विश्वास आहे ना? मग ऐका. माझं काम सावकाशीचं आहे. तुमच्या गालातलं काम घाईचं आहे. ते माझ्यासाठी थांबणार नाही. ज्या सुरीला मी इतकी वर्षं नावं ठेवली, आज तुमच्यासाठी तीच खरी आहे. सकाळी तयार राहा."

त्या रात्री त्या आमच्याकडेच रायल्या. सुमन बोलली, हे पळतात, तुमी दारात झोपा. आणि मॅडमनी खरंच दारात चटई टाकली.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दिवसच्या दिवस बाकड्यावर गेले. मॅडम बरोबर. कागदपत्रं त्यांनी वाचायची, सही सुमननं करायची, आणि मी पेशंट म्हणून नुसतं बसायचं, जे मला सगळ्यात कठीण. काउंटरवरच्या माणसानं मॅडमना विचारलं, तुमी पेशंटच्या कोण? मला वाटलं बोलतील, आमच्याकडे बाटल्या धुतात. मॅडम बोलल्या, "सहकारी." मी मागे वळून बगितलं, कोण आलं म्हणून.

तपासणीत तेच निघालं जे बोईसरच्या डॉक्टरच्या बोटाला कळलेलं. ऑपरेशन ठरलं. गाल काढायचा, बाजूचे दात काढायचे, छातीचं कातडं लावायचं. डॉक्टरांना मी एकच विचारलं, मला बोलता येईल का? ते बोलले, येईल, पण थोडं जड, आणि आधीपेक्षा कमी. मी रडायच्या बेतात. सुमन बोलली, "कमी चालेल, डॉक्टर."

ऑपरेशननंतर नाकात नळी, तोंडाला पट्टी. मी मुका. मॅडम भेटायला आल्या, सुमन खाली चहाला गेली, आणि मॅडम खुर्ची ओढून बसल्या. एवढ्या वर्षांत लॅबमध्ये मी बोलायचो, त्या ऐकायच्या. त्या दिवशी उलटं झालं. त्यांना पण बहुतेक नवल वाटलं असेल, की इथे बोलायला जागा हाय.

त्यांनी मला उंदरांचं सांगितलं. मुंबईहून निरोप आलेला, मी चूळ भरत होतो त्याच दिवसांत. त्या खेपेला उष्णता गाठीत थांबली नाय. बाजूचं चांगलं मास, कातडं, सगळं भाजलं. "मी त्या दिवशी हे तुम्हाला सांगितलं नाही," बोलल्या, "कारण तुम्ही घाबरला असता, आणि मग तुम्ही सुरीलाही घाबरला असता. पण मी रात्रभर तुमच्या दारात झोपले तेव्हा तेच डोळ्यांसमोर होतं. तुम्ही म्हणाला होता ना, मला उंदीर समजा."

एरवी मी काहीतरी बरळलो असतो. तोंड बंद. मंग मी दोन्ही हात तोंडाजवळ नेले, पट्टीच्या दोन बाजूंना बोटं पसरून मिशा केल्या आणि हलवल्या, उंदीर हलवतो तशा.

मॅडम हसल्या. मंग रडल्या. मंग परत हसल्या. नर्स आली आणि मलाच ओरडली, टाके तुटतील. मी तर गप्प होतो.

गाल जुळला. रोज तोंड उगडायचा व्यायाम, लाकडी पट्ट्या दातांत घालून. चहा पिताना कोपऱ्यातून गळतो, मी शर्ट खराब झाला तर बोलतो, गाल छातीचाच हाय, चहा छातीवर गेला. तंबाखू सुटली, ती मी सोडली नाय, जागाच रायली नाय. मॅडमच्या खोलीत परत बाटल्या धुवायला लागलो. मॅडमनी गाठीबाहेर उष्णता जाऊ नये म्हणून सगळं पयल्यापासून मांडलं. परत पिवळं, परत काळपट, परत खिडकी. ओता, ओता, ओता. आणि एखाद्या दिवशी, ठेवा.

मंग इथलं काम संपलं. दक्षिणेकडे मोठ्या जागी त्यांना बोलावलं, तिथे पुढची पायरी होणार. खोलीचं कुलूप लावायच्या दिवशी मी होतो, पण तो काय शेवट नव्हता. शेवट झाला तो आमच्या ओट्यावर.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मॅडम रिक्षा करून माकुणसारला आल्या. काखेत छत्री, कपाळावर हिरवा चष्मा. सुमननं पाणी दिलं, भाकरीचं विचारलं. त्या बोलल्या, बसायला वेळ नाही, रिक्षा थांबवलीय, हरिभाऊंना बाहेर बोलवा. मला ओट्यावर उन्हाकडे तोंड करून बसवलं. बोलल्या, उघडा.

मी उगडलं. आता तीन बोटं जातात. मी टॉर्चसाठी मोबाईल पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. ऊन पुरे, बोलल्या. हनुवटीला बोट लावून माजं तोंड जरा वर केलं, जरा डावीकडे फिरवलं, चंबू खिडकीशी फिरवायच्या तसंच. डोळे बारीक केले. छातीचं कातडं बगितलं, त्याची कड जिथे माज्या जुन्या गालाला जुळते ती बगितली, जीभ उचलायला लावली, खाली बगितलं. बाजूच्या घरातली माणसं ओट्याशी येऊन उभी. मला हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं. त्यांना घाई होती, रिक्षावाला हॉर्न देत होता, पण त्या बगत रायल्या.

मंग बोट काढलं, छत्री उचलली, आणि रिक्षाकडे वळता वळता बोलल्या, "लाल आहे. ठेवा."

मी तोंड मिटलं. सुमन बोलते, जन्मात तेवढंच एकदा, कोणी न सांगता.